मुलीला वाक्य नाही

पहिल्या वाचनालाच मी भांडले. वेम्बलीतल्या एका शाळेचा हॉल, रविवारची दुपार, थर्मासमधला चहा आणि काकूंनी घरून करून आणलेले बटाटेवडे. भांडायला जागा चांगली नव्हती. पण काकांनी शेवटचं पान वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी विचारलं, "मुलीची वाक्यं कुठे आहेत?"

"कुठली मुलगी?" काका म्हणाले.

"जिच्यावर नाटक आहे ती."

"तिला वाक्य नाहीये. तिचं मौन बोलतं."

काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे कायमचे दिग्दर्शक. माझे सख्खे नव्हेत, सगळ्यांचेच काका. आयुष्यभर इथे कौन्सिलमध्ये नोकरी केली आणि दरवर्षी मंडळाच्या संमेलनाला एक एकांकिका बसवली. या वर्षीची त्यांनी स्वतः लिहिली होती. पुण्यात शाळेत असताना मास्तरांनी सांगितलेली एक जुनी रोमन दंतकथा त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती, ती आता बाहेर आली.

कथा अशी. रोममध्ये एक साधा सैनिक असतो. त्याच्या तरुण मुलीवर एका न्यायाधीशाची नजर जाते. तिला सरळ उचलून न्यायची सोय नाही, म्हणून न्यायाधीश आपल्याच एका माणसाला दावा लावायला सांगतो की ही मुलगी सैनिकाची नाहीच, माझ्या गुलाम बाईच्या पोटची आहे, म्हणजे माझी मालमत्ता आहे. खटला त्याच न्यायाधीशापुढे. बाप छावणीतून धावत येतो, ओरडतो, हात जोडतो. निकाल व्हायचा तोच होतो. मग बाप शेजारच्या खाटकाच्या दुकानातली सुरी उचलतो आणि भर चौकात मुलीच्या छातीत खुपसतो. इज्जत वाचली. लोक खवळतात, बंड होतं, न्यायाधीश तुरुंगात, नवीन कायदे. पडदा.

या सगळ्यात न्यायाधीश बोलतो. त्याचा माणूस बोलतो. बाप बोलतो, मुलीचा ठरलेला नवरा बोलतो, खाटीक बोलतो. मुलगी उभी राहते, रडते, मरते.

"जुन्या कथेत ती बोलतच नाही, मग मी कुठून आणू?" काका म्हणाले.

"खाटकाचं कुठून आणलंत?"

"तो कॉमेडी रिलीफ आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. मग काकांनी दुसरं कारण सांगितलं, आणि ते खरं होतं. ते माझ्या मामेबहिणीकडे बघत म्हणाले, "आणि अगं, हिचं मराठी! 'बाबा आली', 'गाडी गेला'. असं कोर्टात कसं चालेल?"

पुन्हा हशा. रेडिएटरवर बसून वडा खाणारी माझी मामेबहीणसुद्धा हसली. तिला सवय होती. मंडळाची ही पद्धतच आहे. इथे जन्मलेल्या मुलांना नाटकात घ्यायचं, नाहीतर आईबाप नाराज होतात. पण त्यांचं मराठी कच्चं, म्हणून त्यांना न बोलणारी कामं द्यायची. माझ्या मामेबहिणीनं आत्तापर्यंत एकदा हरीण केलं होतं, एकदा तुळस आणि दोनदा गर्दी. आता ती सतरा वर्षांची झाली आणि नायिका झाली. बढती झाली, वाक्य नाही मिळालं.

मी प्रॉम्प्टर होते. अकरा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून इथे आलो, त्यामुळे मला देवनागरी सरसर वाचता येतं. मंडळाच्या तरुण पिढीत ही माझी एकमेव लायकी. एरवी मी इल्फर्डला एका छोट्या संस्थेत काम करते. बायकांवर हात टाकणाऱ्यांविरुद्ध मोहिमा चालवतो आम्ही. मी पत्रकं लिहिते आणि स्टेशनबाहेर उभी राहून ती वाटते. नियम ठरलेले आहेत. एका पत्रकात एक मागणी. विशेषणं कापा. गुन्हा कोणी केला ते पहिल्या ओळीत लिहा. 'तिच्यावर हल्ला झाला' असं लिहायचं नाही. 'त्यानं हल्ला केला' असं लिहायचं.

म्हणून त्या हॉलमध्ये माझं डोकं फिरलं. आणि अजून एका कारणासाठी फिरलं. नाटकात मुलीला मारणारा बाप जो होता, तो माझा मामा होता. खराखुरा बाप.

काकांना ही फार मोठी कल्पना वाटत होती. "खऱ्या नात्याचा परिणाम वेगळाच असतो," ते म्हणायचे. मामानं कॉलेजात असताना स्पर्धांमधून कामं केलेली, आवाज भरदार. त्याला भूमिका मिळाल्याचा आनंद झाला, आणि मुलगी सोबत आहे म्हणून जास्तच झाला. तालमीला तिला तोच गाडीनं आणायचा, तोच न्यायचा. हल्ली सगळीकडेच तो तिला आणायचा आणि न्यायचा.

त्यामागची गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबरात इथे घड्याळं तासभर मागे करतात, की वॉटफर्डला दुपार संपता संपताच अंधार पडतो. स्टेशनपासून मामाच्या घराकडे जाणारी एक पायवाट आहे, एका बाजूला रेल्वेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला गॅरेजं. शाळेतून येताना एक माणूस तिच्या मागे चालायला लागला. पहिल्यांदा तिला वाटलं, योगायोग असेल. मग तो रोज दिसायला लागला. मग एका संध्याकाळी त्यानं तिच्या बॅगेचा पट्टा धरला आणि तिला भिंतीकडे ओढलं. ती ओरडली, बॅग टाकून पळाली, कोपऱ्यावरच्या लाँड्रीत शिरली. तिथल्या बाईंनी तिला आत बसवलं आणि पोलिसांना फोन केला. तक्रार लिहून घेतली गेली. बॅग दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी सापडली.

आणि मग शिक्षा सुरू झाली. त्या माणसाची नाही, तिची. शनिवारी ती एका पुस्तकांच्या दुकानात काम करायची, ते बंद. ट्रेन बंद. मैत्रिणीकडे राहणं बंद. शाळेत ती प्राचीन रोमचा विषय घेऊन शिकत होती आणि त्यांची सहल चक्क रोमला जाणार होती, ती बंद. "तो माणूस अजून मोकळा फिरतोय," मामा म्हणायचा. बरोबर आहे. म्हणून मुलीला कोंडायचं.

त्याच हिवाळ्यात तिला स्कॉटलंडमधल्या एका युनिव्हर्सिटीची ऑफर आली. तोच विषय, तिला हवा होता तसा. लंडनमधल्या एकीचीही आली होती, घरी राहून जाता येईल अशी. ऑफरला उत्तर द्यायची मुदत जवळ येत होती. ती काय लिहिते त्यावर तिची पुढची चार वर्षं ठरणार होती, आणि घरात एकच माणूस त्याविषयी बोलत नव्हता. ती.

मी मात्र बोलले. वॉटफर्डला त्यांच्या स्वयंपाकघरात, मामी पोळ्या करत असताना.

"मामा, तिला विचारलंस का तिला काय हवंय?"

"मला माहितेय तिला काय हवंय. पण तिला काय झेपेल ते मी बघणार ना."

"तिनं काय केलं? ती ओरडली, पळाली, तक्रार केली. सगळं बरोबर केलं. आणि बंद काय झालं? तिचंच सगळं."

"तुला मुलगी नाहीये."

"मी स्वतः मुलगी आहे, मामा!"

"हे बघ, तुझी भाषणं इल्फर्डला. इथे माझं घर आहे." त्यानं ताटावरची पोळी मोडली, पण खाल्ली नाही. "ती लाँड्रीत बसली होती तेव्हा तिचा फोन मला आला. तुला नाही. किती वेळ किल्ली लागेना माझ्याच्यानं गाडीला. ते तुझ्या कागदावर कुठे बसतं, सांग."

मामीनं तव्यावरची पोळी उलटली. मामेबहीण तिथेच टेबलाशी बसून नखांचा रंग खरवडत होती. आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून भांडत होतो आणि ती खालमानेनं रंग खरवडत होती. कोर्टाचा प्रवेश. फक्त न्यायाधीश नव्हता.

त्या आठवड्यात मी रोमच्या कथा वाचायला घेतल्या. काकांशी भांडायचं तर दारूगोळा हवा. सेंट्रल लाइनच्या गाडीत उभ्यानं वाचल्या आणि स्टेशनांमागून स्टेशनं संतापत गेले. एका गावात बायका नाहीत, म्हणून उत्सवाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या मुली उचलून नेतात. पुढे त्याच मुली बाप आणि नवरे यांच्या मधे उभ्या राहून लढाई थांबवतात आणि सगळे म्हणतात, वा, काय सून मिळाली! एक मुलगी शत्रूला किल्ल्याचं दार उघडून देते. तिला सोन्याची कडी हवी होती म्हणे. शत्रू आत येतो आणि पहिल्यांदा तिलाच ढालींखाली चिरडतो. तिला खरंच काय हवं होतं हे कोणी विचारलेलं नाही, पण लोभी ठरवून झालेलं आहे. एका मुलीमागे देव लागतो. ती पळते, पळते, दमते, तर तिचं झाड होतं. देवाचं काय होतं? काही नाही. तो झाडाची पानं तोडून डोक्यात घालतो.

एकच मला बरी वाटली. शत्रूकडे ओलीस ठेवलेली मुलगी, बाकीच्या मुलींना घेऊन नदी पोहून घरी येते, वरून भाले पडत असताना. आणि घरचे काय करतात? दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिला परत पाठवतात. मग शत्रूच तिच्यावर खूश होऊन तिला सोडतो. तिचा पुतळा उभारतात, घोड्यावर बसलेला. पुतळा दिला. विचारलं नाही.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या कथांत तरुण मुलीच्या मरणातून नेहमी काहीतरी भव्य निघतं. राजा जातो, कायदा बदलतो, शहर जागं होतं. जिवंत मुलगी कोर्टात उभी असते तेव्हा शहर झोपलेलं असतं. आमच्या ऑफिसातही तेच. एखादी मेली की फोन खणखणतात, कॅमेरे येतात, मेणबत्त्या लागतात. जिवंत बाई तक्रार घेऊन येते तेव्हा तिला सांगतात, उत्तर यायला वेळ लागेल.

हे सगळं मी मामेबहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आय नो. मी याच्यावर निबंध लिहिला आहे." मग तिनं मला इंग्रजीत समजावलं की या कथा लिहिणारे सगळे पुरुष होते, मोठ्या घरचे, आणि मुलींच्या गोष्टी त्यांनी पुरुषांना धडा शिकवायला सांगितल्या. "मुलगी त्यांना फक्त पाहिजे असते. जसा टेबल पाहिजे असतो."

"मग तू त्या टेबलाचं काम का करतेस?"

तिनं खांदे उडवले. "तालमीला गेले की संडेला घराबाहेर जाता येतं."

मी रात्रीचा दिवस करून तिच्यासाठी स्वगत लिहिलं. पानभर. मरण्यापूर्वी ती लोकांकडे वळते आणि बोलते: अन्याय, सत्ता, बापाची इज्जत, बाईचा देह, सगळं. तिला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात छापलं. कोणाला न सांगता प्रयोगात घुसवायचं, असा माझा बेत.

तिनं ते वाचलं. मनातल्या मनात, ओठ हलवत. मग म्हणाली, "ताई, हे लीफलेट आहे."

"मग?"

"खाली फोन नंबर पण आहे का?"

"चेष्टा करू नकोस. बोलायची संधी आहे ही."

"तू पण मला लाइन्स देते," ती म्हणाली. "काका देत नाही, तू खूप देते. आणि हे वाक्य बघ ना, किती लांब आहे! बाबा सुरी धरून तिथपर्यंत उभा राहणार का? त्याचा हात दुखेल." आणि तिनं कागदाची घडी घालून माझ्या कोटाच्या खिशात परत ठेवली. मला राग आला. अजूनही वाटतं, स्वगत चांगलं होतं.

तालमी पुढे गेल्या आणि तो शेवटचा प्रवेश दर रविवारी वाईट होत गेला. म्हणजे काकांच्या मते चांगला. मामा सुरी उचलायचा. लाकडाची होती, वर चंदेरी कागद. डाव्या हातानं मुलीला छातीशी धरायचा आणि म्हणायचा, "पोरी, या बापाच्या हातात आता एवढंच उरलंय." त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी यायचं. काकू पदर डोळ्यांना लावायच्या. काका म्हणायचे, "काय रे, काय ताकद आहे!"

मला मामेबहिणीचा चेहरा दिसायचा, कारण मी विंगेत बसायचे. ती रडायची नाही. ती त्याच्या हाताकडे बघायची. एकदा तालीम संपल्यावर तिनं बाही वर करून दाखवली. दंडावर बोटांचे लाल ठसे. "हे नाटकातलं नाही आहे," ती म्हणाली. "तो गाडीतून उतरल्यावर पण असंच धरतो. पार्किंगमध्ये."

न्यायाधीशाचं काम करणारा मुलगा पुण्याहून व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला होता, अतिशय लाजाळू. खलनायक म्हणून त्याला मुलीचा हात धरून ओढायचा होता. तो प्रत्येक वेळी आधी कुजबुजायचा, "धरू ना? चालेल ना?" आणि मग "सॉरी हं" म्हणायचा. काका वैतागायचे, "अरे तू जुलमी आहेस! जुलमी माणूस परवानगी मागतो का?" सगळे हसायचे. त्या सगळ्या नाटकात तिला विचारणारा तो एकटाच होता.

प्रयोगाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये धूर चालत नाही, अलार्म वाजतो, त्यामुळे नटराजाची पूजा उदबत्तीशिवाय. नारळ फोडायला सगळे कार पार्कमध्ये गेले. ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला नारळ, फुटता फुटेना. मामानं तीन वेळा आपटला. चौथ्या वेळी फुटला आणि पाणी न्यायाधीशाच्या चपलांवर गेलं. नटमंडळी काकांच्या पाया पडली. मामेबहीण वाकली तशी काका म्हणाले, "छान रड हं आज."

पहिली घंटा झाली. खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत आज्या, मागे चुळबुळणारी मुलं. दुसरी घंटा. मामेबहीण माझ्याजवळ विंगेत उभी होती, पांढऱ्या बेडशीटचा रोमन वेष, खांद्यावर काकूंची साडीपिन. तिचे हात गार होते.

"ताई, शुक्रवारी ऑफरचं उत्तर द्यायचं आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणतो, तो लॉग-इन करणार. माझ्या बाजूला बसून."

"मग? तू काय करणार?"

तिसरी घंटा झाली. ती रंगमंचावर गेली.

प्रयोग चांगला चालला होता. खाटकाला हशे मिळाले. न्यायाधीशानं परवानगी मागितली, पण हळू आवाजात. खटला झाला, निकाल झाला. मामा गरजला, मागच्या बाजूची पोरंसुद्धा गप्प झाली. त्यानं खाटकाच्या टेबलावरची सुरी उचलली. मुलीला ओढून छातीशी धरलं. तोच दंड.

"पोरी, या बापाच्या हातात आता एवढंच उरलंय."

सुरी वर गेली. आणि मामेबहिणीनं त्याचं मनगट धरलं.

तालमीत असं नव्हतं. सुरुवातीला मला वाटलं, तोल गेला. पण तिनं घट्ट धरलं होतं, दोन्ही हातांनी. मग एक हात सोडवून तिनं न्यायाधीशाच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बाबा, तो तिकडे आहे," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. साध्या आवाजात, घरात बोलतात तसं. "मला का?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर विंगेकडे वळली, माझ्याकडे. अडकलेला नट प्रॉम्प्टरकडे बघतो तसा तो बघत होता. माझ्या शेजारी काका खुर्चीवरून अर्धे उठले होते. "वाक्य दे! अगं, वाक्य दे त्याला!"

मी संहितेत बघितलं. पुढे वाक्यच नव्हतं. पुढे कंसात एक शब्द होता: भोसकतो.

मी काही दिलं नाही. देण्यासारखं काही नव्हतंच.

"मार!" काका विंगेतून फुसफुसले. त्यांना वाटलं हळू बोललो, पण त्यांचा आवाज हॉलभर गेला. "मार ना! मार!"

पुढच्या रांगेतल्या एक आजी ताडकन म्हणाल्या, "मारतोस काय रे तिला! पोरगी विचारतेय काहीतरी!"

कोणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. न्यायाधीश खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि एक पाऊल मागे सरकला, खरोखर घाबरून. मामाची सुरी अजून वर होती. मी त्याला तालमीत कितीदा रडताना बघितलं होतं. आता तो रडत नव्हता. त्याचा चेहरा रिकामा झाला होता. त्यानं डावीकडे बघितलं. आपल्या हाताकडे, तिच्या दंडावर रुतलेल्या बोटांकडे. बोटं एकेक करून सुटली.

मग त्यानं सुरी खाटकाच्या टेबलावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. आणि तसाच उभा राहिला. दोघं एकमेकांसमोर उभे, बेडशीटमध्ये, आणि कोणालाच पुढचं माहीत नाही.

काकांनी स्वतः पडदा ओढला.

टाळ्या उशिरा आल्या, तुकड्यातुकड्यांनी. वड्यांच्या रांगेत जो तो बोलत होता. "शेवट कळला नाही बुवा." "अहो, मॉडर्न आहे ते." "लोकांचं बंड राहिलंच की, माझ्या पुतण्याचं काम होतं त्यात." काका माझ्यावर तुटून पडले. त्यांची खात्री होती की हे माझंच कारस्थान. "माझं नाटक मारलंस तू!"

"मुलगी वाचली ना," मी म्हणाले.

"कथा तशी नाहीये!"

"मग कथा चुकीची आहे, काका."

त्यांनी हात झटकला आणि ते खुर्च्या उचलायला गेले. रागावले होते, पण खुर्च्या त्यांनी नीट एकावर एक रचल्या.

वॉटफर्डला परत जाताना मी त्यांच्याच गाडीत होते, मागे, मामेबहिणीजवळ. मामी पुढे. अजून उजेड होता, पावसाळी, मळकट. मामानं रेडिओ लावला नाही. मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे बोलायला खूप होतं, अख्खं पान होतं कोटाच्या खिशात. मामेबहिणीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मी गप्प बसले.

हॅरो मागे पडल्यावर मामा म्हणाला, "त्या माणसाचं पुढे काय झालं गं? पोलिसांनी काही कळवलं?"

"त्यांनी मला परत बोलावला होता. फोटो बघायला," ती म्हणाली.

"कधी?"

"जानेवारीत."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारला नाही. तू फक्त गाडी आणली."

वायपर एकदा फिरला. मामानं आरशातून मागे बघितलं, मग रस्त्याकडे.

"मग गेली नाहीस तू?"

"कशी जाणार? ट्रेन बंद आहे ना."

मामी खिडकीबाहेर बघत होती. तिचा खांदा हलला. हसली की काय, मला मागून कळलं नाही.

"उद्या जाऊ," मामा म्हणाला. "पोलिसांकडे. मी सुट्टी घेतो."

"तू बाहेर बसशील," ती म्हणाली. "मी बोलणार."

पुढे सिग्नल लाल झाला, गाडी थांबली. तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि पुढच्या दोन सीटांच्या मधे सरकून बसली.

"बाबा, शुक्रवारी मी स्कॉटलंडला हो म्हणणार आहे. मी लॉग-इन करणार. तू बाजूला नाही बसायचं."

मामाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी त्याची बोटं बघत होते.

"ट्रेननं नाही जायचं," तो म्हणाला. आवाज बसला होता, प्रयोगामुळे असेल. "मी सोडायला येणार. गाडीनं."

"फक्त पहिल्या वेळी," ती म्हणाली.

"एवढं सामान, एवढ्या लांब…"

"पहिल्या वेळी, बाबा."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"अहो," मामी म्हणाली, "हिरवा झालाय."

"पहिल्या वेळी," मामा म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.